फोन आपला, नजर कुणाची?

मैत्रिणींनो, केंद्रावर येणाऱ्या बाया विचारतात, "ताई, माझं कुणाशी काय बोलणं झालं, हे यांना कळतं कसं?" करणी नव्हे ती. फोन दोन मिनिटं हाती लागला की पुरे. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. आपण न जोडलेला संगणक तिथं दिसला, तर आपले निरोप तिकडेही वाचता येतात. पण तो लगेच काढू नका. एकीला मी घाईनं काढायला लावला. तिकडचं व्हॉट्सॲप बंद पडलं, नवऱ्याला कळलं, रात्री तिला मार बसला. चूक माझी. आता आधी दुसऱ्या फोननं त्या पडद्याचा फोटो, मग माहेरी वा मैत्रिणीकडे राहायची सोय, मगच बाकीचं. आणि १८१ला फोन करायचा तो शेजारणीच्या फोनवरून.