तरुणांचे प्रयोग आणि आमचे गोडे पाणी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी मागील पिढीचे गुणगान करावे, अशी रीत आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष पुढील पिढीकडे, विशेषतः पाण्याचा विचार करणाऱ्या आपल्या तरुणांकडे वेधू इच्छितो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तथापि वैशाखात कित्येक वाड्यांतून बायकांस घागरी घेऊन दूर जावे लागते. ह्याचे कारण गूढ नाही. बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. आपला जांभा दगड सच्छिद्र; तो पाणी जितक्या त्वरेने पितो, तितक्याच त्वरेने सोडून देतो. किनाऱ्यावरील विहिरींस दुसरेही एक भय आहे. भूगर्भातील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गायबेन यांनी १८८९ साली व हर्झबर्ग यांनी १९०१ साली दाखवून दिले की, समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी टिकते. अर्थात, उपसा करून वरचा एक हात आपण गमावला, की खालचे खारट पाणी चाळीस हात वर चढावयास मोकळे होते. समुद्राची पातळी वाढत असता ही चिंता दुणावते. सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव भर समुद्रात गोड्या राहिल्या, हे आपले भाग्य. परंतु केवळ भाग्यावर गाव चालत नाही.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतील एका मुलाने घराच्या छपरावरील पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडण्याचा प्रयत्न केला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता: १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लक्ष लिटर पाणी. परंतु पहिल्याच सरीत पालापाचोळ्याने गाळणी तुंबली, विहीर गढूळ झाली, आणि त्याच्या आजीस शेजारून पाणी आणावे लागले. आम्ही वडीलधारी मंडळी हसलो. "आम्ही सांगितले नव्हते काय?" असेही म्हणालो. मुलाने गाळणी उपटून टाकली आणि पुढील वर्षी मुंबईची वाट धरली. पुढे आम्हांस कळले की, उपाय अगदी साधा होता. पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावयाचे, आणि गाळणी वरचेवर धुवावयाची. जाणत्याने अर्ध्या घटकेत सांगितले असते. त्या मुलाची चूक लहान होती, आमची मोठी.

बंधुहो, आज ज्यास आपण वारसा म्हणतो, तेही एके काळी धाडसच होते. आपल्या मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. त्यावेळी बांधावर उभे राहून शंका काढणारे कोणी नसतील, असे कोण म्हणेल? २०२० साली त्याच तलावास जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान्यता मिळाली. त्याच धामापुरात आज स्यमंतक ही संस्था तरुणांस पुस्तकाबरोबर हातांनीही शिकण्याची संधी देत आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जलकुंडाचा प्रसार केला: खड्ड्यास प्लास्टिकचे अस्तर घालून पावसाचे पाणी साठवावयाचे, आणि त्यावर आंबा-काजूची कोवळी कलमे जगवावयाची. असे ज्ञान एका दिवसात सिद्ध होत नाही. त्यास जागा, पैसा आणि धीर लागतो.

आणि वेळ थोडा आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात वीज गेली तेव्हा पंप निरुपयोगी झाले, आणि आपणांस पुन्हा राहाटाची आठवण झाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा प्रत्येक मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचे निक्षून सांगितले आहे. तो हक्क उद्या राखावयाचा तर आज तो राखणारे हात सांभाळले पाहिजेत.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. कमान, रोषणाई व शोभेचे दारूकाम यांवरील खर्चाचा काही अंश तरुणांच्या प्रयोगांसाठी वेगळा काढावा. गावातील गवंडी, विहीर खणणारे आणि शिक्षक यांनी पाळीपाळीने त्यांस मार्गदर्शन करावे. आणि तिसरी, सर्वांत अवघड: पहिला प्रयोग फसला, तर कोणी हसू नये. आरंभ आपल्या देवमंदिराच्या विस्तीर्ण छपरापासून व आवारातील विहिरीपासून व्हावा. विहिरीच्या पाण्याची पातळी व खारटपणा मुलांनी दरमहा मोजून वहीत नोंदवावा. म्हणजे यश किंवा अपयश कोणाच्या तोंडावर न ठरता वहीवर ठरेल.

तो मुलगा दर मे महिन्यात गावी येतो. यंदा आम्ही त्याच्या दारी जाऊन क्षमा मागणार आहोत, आणि ती गाळणी पुन्हा बसव, अशी विनंती करणार आहोत. ह्या वेळी खडी धुण्यास आम्हीही बसू.