फवारणीचं धुणं आणि बोलणारा हातमोजा



कपाशीवर फवारणी सुरू झाली की आपल्या घरात धुण्याचा एक वेगळा ढीग पडतो. पंप पाठीवर कुणीही घेवो, औषध कालवायला पाणी आपण आणतो आणि संध्याकाळी तो ओला सदरा आपणच घासतो. त्यात किती विष मुरलंय ते दिसत नाही. वासावर जावं, तर प्रत्येक औषधाला वास असतोच असं नाही.

हे विष ओळखणारं कापड बनवायचे प्रयत्न जगात चालू आहेत. अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात जोसेफ वांग यांच्या गटानं 2017 साली एक हातमोजा दाखवला. दिसायला दवाखान्यातल्या रबरी मोज्यासारखा. त्याच्या तर्जनीवर वीज वाहून नेणाऱ्या शाईनं बारीक रेघा छापल्या आहेत आणि त्यावर एक विकर, म्हणजे एन्झाइम, लावलंय. अंगठा संशयाच्या जागेवर पुसायचा, मग तर्जनीला टेकवायचा. विष असेल तर विकराची त्याच्याशी क्रिया होते, विजेचा प्रवाह बदलतो आणि निरोप मोबाईलवर येतो. रक्तातली साखर तपासायची पट्टी तुम्ही पाहिली असेल, तिचंही तत्त्व असंच.

हा मोजा सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषं ओळखतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं आपल्याला नवी नाहीत. त्याच 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कुणी प्यायलं नव्हतं. ते अंगावर उडालं, श्वासातून गेलं, घामेजल्या कातडीतून आत शिरलं.

मोजा हुशार खरा, पण दुसऱ्या गटाचं औषध असेल तर तो गप्प बसेल, आणि आपण समजू की हात स्वच्छ आहे. शिवाय तो विष अडवत नाही, लागल्यावर सांगतो. आपल्या कृषी केंद्रात तर तो मिळतही नाही. मला विचाराल तर आपल्या कामाचं कापड दुसरंच आहे. बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेनं सेपिओ हेल्थ कंपनीबरोबर 'किसान कवच' नावाचा पोशाख बनवला. डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत तो जाहीर झाला. तो काही मोजत नाही, पण कापडाला लागलेल्या औषधाचा रेणूच तोडतो. धुऊन पुन्हा वापरता येतो. किंमत तेव्हा सुमारे 4,000 रुपये सांगितली होती. एका घराला जड आहे, पण आपण गटात पिको-फॉलची मशीन घेतोच की.

तोवर फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. रबरी मोजे घालून, गरम पाण्यात साबणानं वेगळे धुवा, उन्हात वेगळे वाळवा. ते पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे जाऊ देऊ नका. लेकरांचे कपडे त्याच बादलीत तर मुळीच नकोत. घट्ट औषधच सांडलं असेल तर तो कपडा पुन्हा अंगात नको.

फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढं अंधारी आली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर लिंबू-सरबतात वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग साबणानं धुवा, दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. डॉक्टरांना आधी नाव लागतं. रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासता येईल का, हेही विचारा. या गटाच्या विषानं ते खाली येतं.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत दोन कवच सामाईक घ्यायचे का, हा विषय ठेवलाय. येताना घरच्यांना एक विचारून या: पोशाख आला, तर तो धुणार कोण?