दिवा लागत नाही, पण गाडी थरथरते

सिडको चौकातल्या सिग्नलला गाडी उभी राहते आणि स्टिअरिंग थरथरू लागते. एसी लावला की जास्तच. गॅरेजमधला मुलगा स्कॅनर लावतो, पडद्यावर उत्तर येते : दोष नाही. मग अंदाजाने खर्च सुरू होतो. आधी प्लग, मग कॉईल, मग इंजेक्टरची सफाई. बिल वाढते, थरथर तशीच.

हा स्कॅनर ज्या यंत्रणेशी बोलतो, ती आपल्याकडे भारत स्टेज चारच्या मोटारींत सक्तीची झाली. २०१० पासून पहिला टप्पा, २०१३ पासून दुसरा. तिचा मूळ हेतू धूर आटोक्यात ठेवणे हा आहे, तुमचा प्रवास सुखाचा करणे हा नव्हे. क्रँकशाफ्ट फिरताना किती अडखळतो, हे ती मोजते. अडखळणे मर्यादेपलीकडे गेले आणि बहुधा दुसऱ्या खेपेलाही तसेच दिसले, तरच दिवा लागतो. त्यातही काही गाड्यांत खराब रस्ता लागला की ही मोजणी थांबवलेली असते, कारण खड्ड्याचे धक्के चाकांतून क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात. आपल्या रस्त्यांवर तिला किती मौन पाळावे लागत असेल, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो : थरथर इंजिन थंड असताना की तापल्यावर? उभ्या गाडीत की दौलताबादचा घाट चढताना? पेट्रोलवर की सीएनजीवर? उभी असताना थरथरणारी गाडी घाट खुशाल चढत असेल, तर बहुधा हवा चोरवाटेने आत शिरते आहे किंवा थ्रॉटलवर काजळी बसली आहे. उभी गाडी शांत आणि चढावर धक्के, तर ठिणगी किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो. आरपीएमचा काटा स्थिर आणि गाडीच तेवढी हलते, तर इंजिन बिचारे बरे असते. त्याला तोलणारे रबरी माउंटिंग बसलेले असते. पहिल्या मोठ्या पावसानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर टाकी पाहावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. पंपही तळातूनच ओढतो.

वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक नेणाऱ्या एका चालकाची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिचे प्लग आणि कॉईल नवे कोरे होते. ‘मिस्त्री, दोन हप्ते थकलेत, आता अंदाज नको,’ तो म्हणाला. स्कॅनर मीही लावला, पण कोड वाचायला नव्हे, चालू इंजिनचे आकडे पाहायला. त्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर होता. गाडी उभी असताना कॉम्प्युटर पेट्रोल ठरल्यापेक्षा बारा टक्के जास्त देत होता. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेले की वाढ जवळपास नाहीशी होत होती. म्हणजे सेन्सरला चुकवून कुठून तरी हवा जात होती. मंद चालीत एकूण हवाच थोडी, म्हणून तिथे ही चोरी मोठी ठरते. एकेक नळी चिमटीत दाबत गेलो. ब्रेक बूस्टरच्या नळीपाशी इंजिन एकदम सावरले. खालच्या बाजूने ती उंदराने कुरतडलेली होती. बारा टक्के ही चूक दिवा लागण्याइतकी मोठी नव्हती, एवढेच.

नळ्या धड असतील, तर मी एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहतो. ज्याचे काढल्यावर इंजिनला फरकच पडत नाही, तो सिलिंडर काम चुकवतो आहे. त्याचा कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावायचा. दोष त्याच्यामागे गेला तर तो एक कॉईल बदलायचा, चारही नव्हेत. प्लगचेही तसेच. दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासावे लागते. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटमधली फट कमी होते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. तिथे प्लग कितीही बदला. बैठक फार झिजली नसेल आणि टॅपेट स्क्रूचे असतील, तर लागते ते फक्त फिलर गेज आणि रात्रभर थंड झालेले इंजिन.