मानशीतून येणारा परका



गोव्यातल्या पेडण्यात, शापोरा नदीकाठच्या बांध घातलेल्या खाजनात, हवे असते कालुंदर. जाळ्यात फडफडतो तिलापिया.

हा मासा मूळचा आफ्रिकेचा.
1952 साली तो भारतात आणला गेला, मत्स्यशेतीसाठी.
मादी अंडी तोंडात सांभाळते. म्हणून पिल्ले भरपूर जगतात.
गोडे पाणी असो वा मचूळ, त्याला सारखेच.

मग काढून टाकावा का?

बंद तळीत जमेल. पाणी उपसावे, तळ उन्हात वाळवावा.
खाजनात मात्र मानशीचे, म्हणजे बांधातल्या झडपेचे, दार उघडले, की नदीच आत येते. आज काढलेला उद्या परत!
विष घालावे, तर कालुंदर आणि सुंगटेही मरतील.

पुन्हा सांगतो, बंद तळीत जमेल, नदीत नाही.
निदान नवे बीज तरी सोडू नये.
जाळ्यात आलेला? त्याचे हुमण करावे.