हाडांचा रोग आणि विहिरीचे पाणी



अस्थिरोग म्हटला की क्ष-किरण आणि प्लास्टर आठवते. आम्हांस मात्र विहिरीविषयी बोलावयाचे आहे.

पूर्वीच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात पाठ ताठलेली, मान न वळणारी माणसे पुष्कळ होती. त्यांच्या व्याधीचे मूळ पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडात आहे, हे शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली मांडले. पाणी नितळ; रंगावासावरून दोष कळत नाही. फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठते. हाड दाट होते, परंतु बळकट होत नाही. सांध्यांभोवतीचे बंध कठीण होतात आणि अखेरीस मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात.

असे हाड पूर्ववत करणारे औषध आजही नाही. तेव्हा इलाज पाणवठ्यावरच करावयाचा. येथे नागपूरचे नाव घेताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो क्षम्य मानावा. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात चुना व तुरटी वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त रीत सिद्ध केली. ती ‘नलगोंडा पद्धती’ या नावाने ओळखली जाते. आजीच्या माठातील तुरटीचा खडा येथे पुरत नाही. त्याने गढूळपणा बसतो, एवढेच. फ्लोराइडासाठी तुरटी पाणी तपासून, मोजून आणि बरीच अधिक घालावी लागते. उकळल्याने तर फ्लोराइडाचे प्रमाण वाढतेच.

चंद्रपूर-यवतमाळकडेही असे पाणी आढळते. ज्यांच्या घरी कूपनलिका आहे, इथे वा गावी, त्यांनी एक बाटली पाणी प्रयोगशाळेत द्यावे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही. दीडच्या वर मात्र ते पिऊ नये.