शिक्षकाचे शिकणे आणि अमेरिकेचा इतिहास

(देवगाव फाटा येथील वसंत व्याख्यानमालेत 2026च्या उन्हाळ्यात दिलेले व्याख्यान)



विषय वाचून काहींच्या मनात आले असेल, की सेलू, जिंतूर आणि मंठ्याच्या वाटा जिथे मिळतात त्या या फाट्यावर अमेरिकेचा इतिहास कशाला? याचे उत्तर आपल्या शिवारात आहे. ते कापसात आहे.

1861च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत होता, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत भाव भडकले. वऱ्हाड-खानदेशात पेरा वाढला. तेजी बघून सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला आणि इथले भाव कोसळले. मुंबईत पेढ्या आणि बँका बुडाल्या. दख्खनच्या कुणब्याच्या अंगावर मात्र कर्ज राहिले, आणि त्यावर सारावाढ आली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जाचे कागद जाळले. तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. सरकारी आयोगाने कारणे शोधताना कापसाच्या या तेजीमंदीचीही दखल घेतली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आता त्याच काळात अमेरिकेत काय चालले होते ते पाहा. गुलामी कायद्याने गेली, पण सुटलेल्या माणसाला जमीन मिळाली नाही. तो जुन्या मालकाच्याच रानात बटईने राबू लागला. बी-बियाणे, मीठ-पीठ दुकानातून उधार घ्यायचे, पीक आले की आधी उधारी फेडायची, आणि हिशेबाची वही मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हातात. बटई म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. सावकाराची वही म्हणजे काय, हेही नाही. जॉर्जिया आणि मिसिसिपीतल्या कष्टकऱ्याचे दुःख ज्या वर्गात सगळ्यात लवकर समजेल, तो वर्ग आपल्याकडे आहे. फक्त शिक्षकाला ते ठाऊक हवे, आणि ते डी.एड., बी.एड.च्या काळात कोणी शिकवलेले नसते. ते पुढे, नोकरीत असताना, स्वतः शिकावे लागते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे: शिक्षकाचे शिकणे पदवीपाशी थांबता कामा नये, आणि गावाने त्याच्यासोबत शिकले पाहिजे. अमेरिकेचा इतिहास त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण आपल्या थोर माणसांनी तो असाच, वर्गाबाहेर शिकला.

सावित्रीबाई फुले यांच्यापासून सुरुवात करू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. नगरला मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते फरारबाईंकडे. आपल्या पहिल्या शिक्षिकेचे प्रशिक्षण एका अमेरिकन शिक्षिकेच्या हाताखाली झाले, ही गोष्ट शिक्षक दिनाच्या भाषणात आली पाहिजे.

सावित्रीबाईंचे पती जोतीराव फुले यांनी तरुणपणी थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. हा पेन 1774 मध्ये अमेरिकेत गेला आणि 1776च्या जानेवारीत छोटी पुस्तिका काढून त्याने तिथल्या सामान्य माणसाला स्वातंत्र्याची बाजू पटवून दिली. पुढे 1873 मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1865 मध्ये मंजूर झाली होती. म्हणजे अवघ्या साडेसात वर्षांत पुण्यातला एक माणूस त्या घडामोडीतून आपल्या शूद्रातिशूद्रांसाठी अर्थ काढतो. त्याला कोणी अभ्यासक्रम नेमून दिला नव्हता.

शिक्षकमित्रांनो, इथे पुढचा अभ्यास आपला आहे. अर्पणपत्रिका लिहिली गेली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळे नागरिक मतदान करत होते, विधिमंडळात निवडून येत होते. चारच वर्षांनी, 1877 मध्ये, तिथल्या केंद्र सरकारने दक्षिणेतून हात काढून घेतला आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले गेले. शाळा, रेल्वेचे डबे, पाणवठे वेगळे झाले. वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल यायला 17 मे 1954 उजाडावा लागला. शिवाय गुलामी कोणी एका उदार नेत्याने दान म्हणून संपवली नाही. सुमारे 1,80,000 काळे सैनिक त्या युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले. आपण वर्गात 1865 वर थांबलो तर मुलांना अर्धीच गोष्ट कळेल.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचा हा अभ्यास पुढे नेला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1888 पर्यंत तिथे राहिल्या. बालवाडीची नवी शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली. परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी अमेरिकेची राज्यपद्धती, शिक्षण, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती यांवर मराठीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू केले. शिकणे, लिहिणे आणि संस्था उभी करणे ही तिन्ही कामे त्यांनी जोडीने केली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी घेतलेल्या विषयांत अर्थशास्त्राच्या खालोखाल इतिहास होता. पुढे 1946 मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची प्रत मागवली. तेव्हा बाबासाहेब पंचावन्न वर्षांचे होते, देशाच्या राजकारणात गळ्यापर्यंत गुंतलेले होते, आणि तरीही अभ्यास चालू होता.

त्यांनी 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या परिसरात, नागसेनवनात, हा अभ्यास मराठवाड्याच्या मातीत रुजला. प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना निग्रो साहित्याची ओळख करून दिली. लातूरचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. आपल्या सेलू-परभणीवरून जी रेल्वे हैदराबादेकडे जाते, त्या हैदराबादेत 1964 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र आणि मोठे ग्रंथालय उभे राहिले, आणि देशभरातले प्राध्यापक तिथे वाचायला येत. हा विषय मराठवाड्याला परका कधीच नव्हता.

अमेरिकेने स्वतः आपल्या शिक्षकांसाठी आणि जनतेसाठी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. 1826 मध्ये जोसाया होलब्रुक याने मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात व्याख्यानमंडळ काढले, आणि अशी मंडळे गावोगाव पसरली. 1874 मध्ये न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तलावाकाठी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरला. पुढे शेतकरी, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बायका त्यात आल्या. चार वर्षांनी त्यांनी घरबसल्या वाचनाचे मंडळ सुरू केले. आणि इकडे 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आजची ही सभा त्याच परंपरेतली आहे. आजही अमेरिकेत सुट्टीत इतिहासशिक्षकांची शिबिरे भरतात. त्यांत भर असतो मूळ कागद वाचण्यावर: पत्र, जाहिरात, कोर्टाचा दस्त, छायाचित्र. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, काय गाळले, असे प्रश्न शिक्षक आधी स्वतः सोडवतो, मग मुलांपुढे ठेवतो.

आपल्याला यातले काय करता येईल? बरेच काही, आणि बहुतेक फुकट. मराठी विश्वकोशात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवर सविस्तर नोंद आहे आणि ती मोबाईलवर वाचता येते. शासनाने छापलेले महात्मा फुले समग्र वाङ्मय आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वाचनालयात मागवता येतात. इंग्रजीची थोडी सवय असेल तर येल विद्यापीठात डेव्हिड ब्लाइट यांनी यादवी युद्धावर आणि जोअ‍ॅन फ्रीमन यांनी अमेरिकन क्रांतीवर दिलेली संपूर्ण व्याख्याने मोफत उपलब्ध आहेत. 1936 ते 1938 या काळात नोंदवलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने खुल्या ठेवल्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार शिक्षकाने वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यायचे आहे. ते तास हजेरीपटावरच्या सहीपुरते न राहता अशा अभ्यासाने भरावेत, असा आग्रह केंद्राच्या शिक्षण परिषदेत धरता येईल.

माझी सूचना अशी. देवगाव फाट्यावर एक अभ्यासमंडळ सुरू करा. शिक्षक, शेतकरी, आठवी-नववीची हुशार मुले-मुली, कापूस वेचणाऱ्या बाया, सगळ्यांचे. वर्षाला एकच विषय घ्या. पहिल्या वर्षी कापूस घ्या: 1793 मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले तिथपासून 1879च्या आपल्या कायद्यापर्यंत. प्रत्येक बैठकीत एक नकाशा, एक अमेरिकन कागद आणि एक आपला कागद. इंग्रजी येणाऱ्या गुरुजींनी कागद मराठीत सांगावा. वेचणीची मजुरी, बटईचे करार, उधारीचे व्यवहार यांवर गावातल्या वडीलधाऱ्यांनी बोलावे आणि मुलांनी ते लिहून घ्यावे. दहा-बारा बैठकांनंतर जी वही तयार होईल, ती पाठ्यपुस्तकाला जोड देईल, आणि पुढच्या शिक्षकाला सुरुवात कोरी करावी लागणार नाही.

येत्या 4 जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षे पूर्ण होत आहेत. सर्व माणसे समान आहेत असे त्यात लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. समतेचे वचन आणि ते मोडणारे वास्तव, दोन्ही एकाच घरात. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही समता आहे, आणि आपली गावेही आपल्याला माहीत आहेत. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर वचन पाळायला किती पिढ्या झगडावे लागते, ते आपल्या मुलांना समजेल.

त्या दिवशी शनिवार आहे. शाळा सकाळची असते; दुपारी मंडळाची पहिली बैठक घ्या. मी येईन. गुरुजींनी जाहीरनाम्याचे मराठी टिपण आणावे, मुलांनी उद्देशिका पाठ करून यावे, आणि ज्यांच्या घरात जुने खत, गहाणवटीचा कागद किंवा उधारीची वही असेल त्यांनी ती सोबत आणावी. आपण तिथूनच वाचायला सुरुवात करू.