मुदतीच्या पोटातील मुदती



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या त्या कचेरीतल्या दिवसांविषयी बोला, पण पंधरा मिनिटांच्या आत." इतकी स्पष्ट मुदत मला त्या कचेरीत क्वचितच मिळाली, म्हणून प्रथम त्यांचेच आभार मानते.

मुले मोठी झाल्यावर मी संगणकावरील मांडणीचा एक अभ्यासक्रम पुरा केला आणि २०१८ साली पुण्यातील एका लहानशा डिझाइन कचेरीत सहा महिने उमेदवारी केली. हल्ली तिला 'इंटर्नशिप' म्हणतात, पण आपल्या जुन्या शब्दातच तिचे स्वरूप नीट कळते. पडेल ते काम करायचे, विचारून शिकायचे, आणि वयाने निम्म्या असलेल्या मुलाला 'सर' म्हणायचे. तो मला 'काकू' म्हणे. पहिले आठ दिवस दोघांनाही अवघड गेले. पुढे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, डिझाइन म्हणजे रंग आणि अक्षरे. तेही असतेच. पण दिवसाचा मोठा भाग कोणाला काय हवे, केव्हा हवे आणि ते कोणी कोणाला सांगितले, याचा उलगडा करण्यात जातो.

मुदतीचेच पाहा. एका बचत गटाला मसाल्याच्या पाकिटांवर चिकटवायला लेबले हवी होती. पाकिटच छापून घ्यायचे तर प्रत्येक रंगासाठी निराळा कोरलेला रूळ लागतो; तो खर्च मोठ्या कारखान्यालाच परवडतो. म्हणून लहान गट कोरी पाकिटे घेऊन त्यांवर लेबले लावतात. प्रदर्शन शनिवारी होते आणि कचेरीच्या वहीत मुदत लिहिली होती 'शनिवार'. आता उलटे मोजा. शुक्रवार लेबले चिकटवण्यात जाणार, म्हणजे ती गुरुवारी हाती हवीत. छपाई, वरचा चकचकीत थर आणि कापणी यांना मंगळवार-बुधवार. सोमवार नमुना पाहून मंजुरी देण्याचा, कारण गटातल्या सगळ्याजणी एकत्र बसतात ती संध्याकाळ तेवढीच. रविवारी सुट्टी. तेव्हा वहीतला शनिवार माझ्या टेबलापुरता आदल्या शनिवारीच संपत होता! घरी कार्य काढलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. मुहूर्त कितीचाही असो, आचाऱ्याची यादी केव्हा द्यायची हे तिला पाठ असते. कचेरीतल्या शिकल्यासवरल्या मुलांना मात्र एका मुदतीच्या पोटात अशा चार मुदती असतात, हे दर वेळी नव्याने उमगे.

दुसरी गोष्ट शब्दांची. "होऊन जाईल" हे आपल्याकडचे फार गोड उत्तर आहे. त्यात होकार आहे, पण तारीख नाही. "उद्यापर्यंत देते" म्हणजे सकाळी दहाला की रात्री अकराला? "जरा उठाव आणा" म्हणजे अक्षर मोठे करायचे की रंग भडक? मी विचारीत असे. पहिल्या महिन्यात काकू फार प्रश्न विचारतात अशी कुजबुज झाली, तिसऱ्या महिन्यात तीच मुले मला म्हणू लागली, "काकू, त्या ग्राहकाला तुम्हीच विचारा ना."

येथे एक आपल्यातलेच बोलते. काही बोलून न दाखवता सारे निभावून नेणे हा घरात बाईचा मोठा गुण समजला जातो. कचेरीत याच गुणाने मुली अडतात. माझ्याबरोबर उमेदवारी करणारी एक हुशार मुलगी काम अडले की रात्र जागून काढी, पण दुपारीच "हे आज होणार नाही" असे सांगत नसे. दुपारी कळले असते तर काम दुसऱ्याला देता आले असते. सकाळी कळून उपयोग नव्हता. तिला आळशी म्हणणारे होते, ते मला मुळीच पटले नाही. न बोलण्याचे वळण तिला लहानपणापासून लावलेले होते.

आता त्या मसाल्याचे काय झाले ते सांगते. ऐन वेळी दोनशे ग्रॅमची पाकिटे मिळाली नाहीत, म्हणून गटाने शंभर ग्रॅमची घेतली. तसे त्यांच्या प्रमुख बाईंनी कचेरीत फोन करून कळवले. फोन घेणाऱ्याने "बरं" म्हटले आणि कोठेही टिपले नाही. बुधवारी दोन हजार लेबले तयार झाली, त्यांवर निव्वळ वजन दोनशे ग्रॅम आणि किंमतही त्याच हिशेबाची. वर चिठ्ठी लावून भागवावे, असे एकाने सुचवले. परंतु पाकिटावर वजन, किंमत, महिना, उत्पादकाचे नाव-पत्ता हे कायद्याने द्यावेच लागते, आणि चिठ्ठी चिकटवून वजन बदलायला परवानगी नाही. गटाने मिरच्या-धणे कर्जाऊ पैशांतून आणले होते आणि हप्ता या विक्रीतून जायचा होता. त्या बाई कचेरीत आल्या तेव्हा रागावल्या नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या. ते मला रागापेक्षा जड वाटले.

अखेर पाचशे लेबले जास्त दराने डिजिटल यंत्रावर एका दिवसात छापून घेतली. खर्च निम्मा-निम्मा वाटला गेला. मला विचाराल तर तो सगळा कचेरीनेच सोसायला हवा होता, आणि तसे मी सरांना बोलूनही दाखवले. ते ऐकून घेतले गेले, एवढेच. मात्र पुढल्या सोमवारपासून एक नियम झाला. फोनवर काहीही ठरले की फोन ठेवताच व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून पाठवायचे आणि उत्तर आल्यावाचून काम छापखान्यात धाडायचे नाही.

शुक्रवारी रात्री गटातल्या बायकांनी पाचशे पाकिटांवर लेबले लावली. मीही गेले होते. त्यांतील बहुतेक पाकिटे प्रदर्शनात खपली.

दिवाळीच्या आधी त्याच बाई चकलीच्या भाजणीचे लेबल करून घ्यायला आल्या. हातात कोरे पाकीट होते, आणि त्यावर पेनाने वजन, किंमत, नग आणि तारीख लिहिलेली होती. तारखेपुढे कंसात लिहिले होते, 'सकाळी'.